बोटीच्या पाठीतलं लाकूड

वैशाख अर्ध्यावर आला की धरणाच्या फुगवट्याचं पाणी उतरायला लागतं. रोज वीतभर, कधी दोन वीत. जाताना ते डोंगराच्या पायथ्याशी पिवळसर पट्टे ठेवून जातं, एकाखाली एक. मग चिखल उघडा पडतो, वाळतो, त्याला भेगा जातात, आणि दुपारच्या झळांबरोबर शेवाळाचा, मेलेल्या शिंपल्यांचा कुबट वास थेट ओतूरच्या बाजारपेठेपर्यंत येतो. लोकांना त्याचं काही वाटत नाही. पाणी खाली कालव्यांना चाललंय, ऊस जगणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. मला मात्र तो वास आला की कोपरापासून मनगटापर्यंत खाज सुटते.

ही खाज कामाची आहे. मी फायबरचं काम करतो. पाण्याच्या टाक्या, न्हाणीघराची दारं, फवारणीच्या पंपांची झाकणं. काचेच्या तंतूंची चटई अंथरायची, वर रेझिन ओतायचं, ब्रशानं दाबून हवा काढायची आणि कडक व्हायची वाट बघायची. घासताना त्याची धूळ उडते आणि कातडीत रुतून बसते. गार पाण्यानं धुवावं, पावडर लावावी, तरी ती आपल्या वेळेलाच जाते. पण उन्हाळ्यातली ही दुसरी खाज मी कशाला हात लावलेला नसतानाही येते. ती त्या एका उन्हाळ्याची आहे.

बोट आली ती होळी झाल्यावर, माळशेज घाट चढून. मुंबईकडून कांदे न्यायला येणाऱ्या रिकाम्या ट्रकवर ती आडवी बांधली होती. एकवीस फुटांची, नाक पुढं काढलेली, पोटाला धार असलेली. एकेकाळी पांढरी असणार. आता जुन्या दातासारखी झाली होती. स्टँडासमोर ट्रक थांबला तेव्हा एसटीची वाट बघणारी माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं विमान आहे. कुणी म्हणालं सिनेमावाले आलेत.

ती मागवली होती कांतिलालशेठनं. शेठचे आजोबा राजस्थानातून आले, वडिलांनी ओतुरात पाइपांचं दुकान टाकलं, आणि शेठचं मराठी आमच्याहून शुद्ध. फुगवट्याच्या काठावर त्यांनी राहण्याच्या चार खोल्या बांधल्या होत्या. मुंबईची माणसं येतात, पाणी बघतात, दुसऱ्या दिवशी कंटाळतात. त्यांना पाण्यावर न्यायचं, पण नाव वल्हवत नाही, भरधाव. ही बोट पूर्वी समुद्रावर शर्यतीला पळायची म्हणे. "मधुकरराव," शेठ मला म्हणाले, "अंग तुम्ही नवं करा. इंजिन विलास करील. म्हाताऱ्या घोडीला पुन्हा घोडी करायचं."

विलास माझा आयटीआयपासूनचा दोस्त. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली. आणि हा तिसऱ्या पिढीत इंजिनात शिरला. आमच्याकडं पंप, ट्रॅक्टर, जनरेटर बंद पडला की लोक त्याला बोलवायचे. तो आधी हात लावायचा नाही. उभा राहून ऐकायचा. ऐकताना उजव्या हाताची बोटं मांडीवर हळूहळू वाजवायचा, इंजिनाच्या ठोक्याला ठोका जुळवत. मग म्हणायचा, "तिसऱ्या नंबरला दुखतंय." आणि तिसऱ्याच नंबरला दुखत असायचं.

माझ्या शेडमागच्या आंब्याखाली आम्ही बोट दोन ओंडक्यांवर ठेवली. पहिल्याच सकाळी मी लहान हातोडी घेऊन तिच्या अंगावर ठोकत फिरलो. फायबरच्या कामात कानानं बघायचं असतं. अंग शाबूत असेल तर टणटणीत आवाज येतो. नाकापासून मधल्या भागापर्यंत छान आला. पाठीशी आलो आणि आवाज बसला. बद्द. पिकून आत खराब झालेल्या कलिंगडावर टिचकी मारावी तसा.

बोटीची पाठ म्हणजे मागची उभी भिंत. इंजिन तिच्यावरच टांगतात. बाहेरून फायबर दिसतं, पण त्याच्या दोन थरांमध्ये जाड लाकूड असतं. वजन ते पेलतं. कुठल्याशा बोल्टाच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं होतं. मी ड्रिल लावलं तर पात्याबरोबर काळा, ओला चुरा आला. गाळलेल्या चहाचा चोथा जसा.

विलासनं तो चिमटीत धरून हुंगला. "मेलेल्या बैलावर बसून समुद्रावर पळत व्हते ही माणसं," तो म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

तो उन्हाळा खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा होता. आम्ही पहाटे उजाडताच सुरू करायचो, कारण दहानंतर ऊन एवढं तापायचं की रेझिन भांड्यातच जमायचं, धूर सोडायचं. मी तिची पाठ आतून कापली, कुजलेलं लाकूड खरवडून काढलं. पाट्याच्या पाट्या काळा भुसा आंब्याखाली ओतला. त्यात कोंबड्यासुद्धा टोच मारत नव्हत्या. मग मधल्या सगळ्या भागात नवं, पाण्यात टिकणारं सागरी प्लाय बसवलं, त्यावर थरावर थर दिले. विलास तोवर नवं इंजिन उघडून बसलेला. जुनं होतं त्याच्या जवळपास दुप्पट ताकदीचं, आणि वजनालाही बरंच जास्त. त्यानं ताडपत्रीवर एकेक भाग मांडला होता, सणाला देवाची भांडी मांडावीत तसा. दुपारी त्याची बायको, रंजनावहिनी, भाकरी घेऊन यायची. ती बोटीकडं पाठ करून बसायची. "डोळे न्हाईत, पण बघती असं वाटतं," म्हणायची. आम्ही तिची चेष्टा करायचो.

नव्या वस्तूचं वेड निराळं आणि जुनी वस्तू पुन्हा उभी करायचं वेड निराळं. जुन्या वस्तूत आपण कुणाचं तरी राहिलेलं आयुष्य पुढं ढकलतो आहोत असं वाटतं, आणि त्यात एक गर्व असतो. तो गर्व मला त्या उन्हाळ्यात चढत गेला. तिचा रंग लागला, पांढरा आणि पोटावर निळा पट्टा. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. मी कामात नसलो तरी ब्रश हातात घेऊन उभा राहायचो.

पाठीच्या दोन्ही टोकांना, जिथं ती बाजूच्या भिंतींना मिळते, तिथं मी जुनं लाकूड राहू दिलं होतं. ठोकून पाहिलं होतं. टणक वाटलं होतं.

आषाढ लागला. पावसाआधीच आम्ही बोट शेडमध्ये ओढून घेतली होती. इंजिन चढलं होतं, फळ्या बसल्या होत्या. पाणी बाहेर टाकायच्या पंपाची नळी तेवढी काढायची राहिली होती. त्यासाठी उजव्या टोकाला खाली एक भोक हवं होतं. शेडवर पाऊस वाजत होता. विलास पुढच्या बाजूला वायरी जोडत होता. मी ड्रिल लावलं, आणि पात्याबरोबर काळा, ओला चुरा बाहेर आला.

मी ड्रिल थांबवलं. भोकात करंगळी घालून पाहिली. बोटाला थंड लागलं.

नीट करायचं म्हणजे इंजिन उतरवायचं, फळ्या उचकटायच्या, पाठीचं टोक बाजूच्या भिंतीपासून सोडवायचं. महिना गेला असता. आणि पावसाळी हवेत रेझिन धड वाळत नाही, चिकट राहतं. शेठनं दिवाळीला पाहुणे बोलावून ठेवले होते. पण ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मनात एवढंच आलं की तीन महिने लोक ज्या कामाची वाहवा करतायत त्यात मी एक गोष्ट चुकलो, आणि ती आता सगळ्यांसमोर उघडी पडणार.

"काय रं, झालं का?" विलासनं पुढून विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

त्या भोकात मी पुट्टी भरली, घासली, वरून रंग मारला. नळी डाव्या बाजूनं काढली. संध्याकाळी हात धुताना पाहिलं तर नखात काळं अडकलं होतं. ते निघता निघेना.

पुढचे दिवस आठवतात ते सगळे ढगाखालचे. धरण भरत गेलं. पितृपंधरवड्यात बोट काठावर नेऊ नका असं दोन-चार जाणत्यांनी सांगितलं, म्हणून शेठ थांबले. मला ते थांबणं बरं वाटलं. पंधरवडा आणखी लांबला असता तर चाललं असतं. पण अमावास्या झाली, घटस्थापना झाली, आणि आम्ही बोट पाण्यात सोडली.

काठावर कोंडाजीबाबा बसले होते. फुगवट्यात थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून जाळी टाकणारा म्हातारा, वाळून काटक झालेला. त्यांनी बोटीकडं बराच वेळ बघितलं.

"पावणं," ते मला म्हणाले, "हिचं ढुंगण लई जड हाय. बसली बघा कशी. म्होरनं उटलीया."

"इंजिन मोठं आहे, बाबा. पळाली की सपाट होते."

"पळंस्तवर काय?" ते म्हणाले आणि विडी पेटवायला वळले.

पहिले तीन दिवस विलासनं तिला सावकाश फिरवलं. ती डौलात फिरली. चौथ्या दिवशी सकाळी मी पाठ पुसत होतो. उजव्या टोकाला, मी बुजवलेल्या भोकाच्या वर, रंगात एक रेघ दिसली. केसाएवढी. मी अंगठ्यानं चोळली. अंगठा ओला असल्यानं ती दिसेनाशी झाली. वाळल्यावर पुन्हा दिसली.

विलास काठावरून उतरत होता. त्यानं नवा शर्ट घातला होता. "आज पुरी सोडायची," तो म्हणाला. "बघू तरी म्हातारी काय म्हंती."

बोलायचं असतं तर तेव्हा. माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं ते हे: "जॅकेट घाल."

"मला? अरं, मी धरणात पोहून मोठा झालोय."

"घाल म्हणतो ना."

मी एवढा का चिडलो ते त्याला कळलं नाही. मला गप्प करायला म्हणून त्यानं ते केशरी जॅकेट अंगावर चढवलं, बंद ओढले. त्या दिवशी माझ्या हातून एवढीच एक गोष्ट धड झाली.

आश्विनातलं ऊन. पाणी काचेसारखं, त्यात हटकेश्वराच्या बाजूचे डोंगर उलटे. बोट निघाली, नाक उचललं, मग सपाट झाली आणि खरोखर पळाली. मागं पांढरा पंखा उघडत गेला. शेठनं टाळी वाजवली. समोरच्या काठाजवळ विलासनं वळण घेतलं. वळणात ती कलली, आणि आवाज आला. तडकण्याचा नव्हे, तसा मी कल्पनेत ऐकत आलो होतो. हा ओला होता. फाटल्याचा. इंजिन पाठीसकट कललं, क्षणभर आभाळाकडं ओरडलं आणि पाण्यात गेलं. जाताना सगळ्या केबली ओढत गेलं. विलासचा उजवा हात वेगाच्या दांड्यावर होता. दांडा, त्याची पेटी आणि हात एकदमच मागं खेचले गेले.

बोट मागून बुडाली. नाक थोडा वेळ वर राहिलं. कोंडाजीबाबा आपल्या ठोकळ्यावरून तिकडं निघाले होते, दोन्ही हातांनी पाणी मारत. केशरी ठिपका त्यांनी गाठला तोवर आम्ही काठावर नुसते ओरडत होतो.

विलासची तीन बोटं गेली. राहिलेल्या दोनांत जोर उरला नाही. मनगट वाकडं बसलं. मंचरच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आला तेव्हा मी उशाशी होतो. त्याचं पहिलं वाक्य: "मधू, खाली झाड व्हतं."

धरणाखाली झाडं आहेत हे खरं. पाणी चढलं तेव्हा सगळीच तोडली नव्हती. त्याला धक्का जाणवला होता. त्यानं तो झाडाचा ठरवला. "मीच काठाला लई घेतली. माझीच चूक." गावानंही झाड मान्य केलं. काहींनी पंधरवड्यात इंजिनाला हात लावल्याचा दोष काढला. बोटीचं अंग दोरानं ओढून काढलं, पाठ नव्हती. शेठनं मला विचारलं, "बुंध्यानंच फाटली ना, मधुकरराव?" तुम्ही जाणकार, अशा नजरेनं.

"दिसतंय तसंच," मी म्हणालो.

पहिलं खोटं एका शब्दाचं होतं. हे दोन शब्दांचं.

इंजिन सापडलं नाही. गळ टाकून पाहिले, पाणबुडे आणले. तिथं खोल गाळ होता. शेठनं पुन्हा बोटीचं नाव काढलं नाही. विलासनं दुकान बंद केलं, हत्यारं पोत्यात बांधली, आणि रंजनावहिनी त्याला घेऊन अवसरी बुद्रुकला आपल्या माहेरी गेली. भावांच्या शेतात तिनं कांदा, बटाटा धरला. हा ओसरीवर बसायचा. इंजिन चालू झालं की उठून घरात जायचा.

पण दर वर्षी वैशाखात, पाणी उतरलं की, तो एसटीनं ओतूरला यायचा. झाड शोधायला. "त्याला एकदा बघायचंय," म्हणायचा. त्याला दुसरं कोण नेणार? मी त्याला मोटरसायकलवरून फुगवट्यावर न्यायचो आणि आम्ही चिखलातून चालायचो. बुंधे दिसायचे. तो प्रत्येकापाशी थांबायचा, डाव्या हातानं घाव चाचपायचा. "ह्यो न्हाई," म्हणायचा. मी म्हणायचो, "पुढं बघू." चार उन्हाळे मी त्याच्याबरोबर एक नसलेलं झाड शोधलं. पाण्याची बाटली मीच धरायचो. चिखलात पाय अडकला तर त्याला मीच ओढून काढायचो. तो म्हणायचा, "तुझ्यासारखा दोस्त मिळत न्हाई राव." हे ऐकून घेऊन संध्याकाळी घरी भाकरी खाता येते. मी खाल्ली आहे.

गेल्या उन्हाळ्यात, आमच्या पाचव्या खेपेला, पाणी कधी नव्हे एवढं खाली गेलं. जिथं ते वळण होतं, तिथंही नुसता तडकलेला गाळ. मी पुढं होतो. गाळातून काहीतरी काळं वर आलं होतं. मला वाटलं बुंधा. जवळ गेलो तर इंजिनाचं डोकं. आणि खालच्या अंगाला, बोल्टांनी अजून घट्ट धरलेली, बोटीची पाठ.

विलास पन्नास पावलं मागं होता, पायाखाली बघत येत होता. वर चार ओंजळी गाळ ओढला असता तर झाकलं गेलं असतं. मी खाली वाकलोदेखील. हात गाळात घातला. मग तसाच बसलो.

"विलास," मी हाक मारली. "इंजिन."

तो आला. गुडघ्यांवर बसला. इंजिनाला त्यानं फक्त तळवा टेकवला, तापलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवावा तसा. मग त्याचा हात पाठीवर सरकला. मी घातलेलं प्लाय पाच वर्षं पाण्यात राहून फुगलं होतं, पण पकडून होतं. उजव्या टोकाला हात गेला आणि लाकूड बोटांत भुगा होऊन आलं. त्यात पुट्टीची एक गोल गुळगुळीत गोळी होती. तो ती उलटीपालटी करून बघत राहिला.

"पाच वर्सं पान्यात हाय," तो म्हणाला. "कुजनारच."

त्यानं मला तेही देऊ केलं होतं. फक्त मान हलवायची होती.

"ते आधीचं आहे," मी म्हणालो. "भोक पाडलं तेव्हाच काळं आलं होतं. मी बुजवलं. तुला सांगितलं नाही."

वाऱ्यानं गाळाचे पापुद्रे खडखडत होते. लांब कुणाची तरी मेंढरं उतरलेल्या पाण्याकडं चालली होती. विलास त्यांच्याकडं बघत होता.

"तुला म्हाईत व्हतं."

"होय."

"त्या दिवशी सकाळी बी?"

"होय. रेघ दिसली होती."

"मंग झाड?"

"झाड नव्हतं."

तो उठला नाही. ती गोळी मुठीत धरूनच म्हणाला, "चार वर्सं माझ्यासंगं कशापायी फिरलास?"

मी मोटरसायकलची किल्ली काढली. मी त्याला सोडतो म्हणालो. तो नको म्हणाला. फुगवट्यापासून सडकेपर्यंत तो एकटा चालत गेला. उजवा हात पोटाशी धरला होता. एकदाही मागं वळला नाही.

मी शेठना सांगितलं. ते ऐकून उठले आणि दुकानाच्या आतल्या भागात गेले. बाहेर आले ते गिऱ्हाईक आल्यावर. त्यानंतर आमचा नमस्कार आहे, बोलणं नाही. गावात कळलं, टाक्यांचं काम निम्म्यावर आलं. ते योग्यच आहे. लोक आता माझ्या मालाला घरी नेण्याआधी आतून-बाहेरून बघतात, मी समोर उभा असतानाच.

आणि आता पुन्हा वैशाख. पाणी उतरतंय. या वर्षी एसटी थांबली की मी शेडच्या दारात येऊन बघतो, तो येणार नाही हे माहीत असून. एकदा धीर करून अवसरीला फोन लावला. रंजनावहिनीनं उचलला.

"कसा आहे?" मी विचारलं.

तिनं फोन तोंडाशी नेला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तिकडून आल्यावर आठ दिस बोललं न्हाईत. जेवनखान न्हाई. मला वाटलं मानूस हातचं गेलं. मंग एक दिस पोतं सोडलं. आता डाव्या हातानं करत्यात. लई येळ लागतो, पर करत्यात. आजूबाजूचे लोक पंप आनून टाकायला लागल्यात." श्वास घेऊन ती म्हणाली, "सोताची चूक न्हवती म्हनून कळलं, तवा उटलं. एवढी वर्सं तुमी आधी बोलला असता तर."

"वहिनी..."

"आता ऱ्हाऊ द्या."

तिच्या मागं इंजिन सुरू झालं. आधी अडखळलं, दोनदा खोकललं, मग लागलं. एकसुरी, भरल्या पोटाचं. मी फोन कानाशी दाबून ऐकत राहिलो. कुठंच दुखत नव्हतं.

त्या आवाजावरून विलास ओरडला, "कोण हाय गं फोनवर?"

"कुनी न्हाई," रंजनावहिनी म्हणाली, आणि फोन ठेवला.